लेबर रूममध्ये कॅमेरा: कोण बघणार, काय बघणार आणि कशासाठी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले व्हिडिओ यूट्यूबवर दिसू लागले. टेबलावर झोपलेल्या बायका, तपासणी, इंजेक्शन देणारी नर्स. पूर्ण व्हिडिओ हवा असेल तर टेलिग्रामवर या आणि पैसे भरा, असा सगळा धंदा. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा रुग्णालयाचे सीसीटीव्ही कॅमेरे हॅक झाल्याचं समोर आलं. पकडलेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. ही बातमी वाचल्यावर ‘बाळंतपणाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग’ एवढे शब्द ऐकले तरी अंगावर काटा येतो.

आता दुसरी बाजू बघा. डेन्मार्कमध्ये बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेल्या बायकांवर डॉक्टर आणि सुइणी कसे उपचार करतात, याचे खरेखुरे व्हिडिओ घेतले गेले आणि त्यांचा अभ्यास झाला. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पहिल्या काही मिनिटांत काय काय केलं, याचं रेकॉर्डिंग आईवडिलांना दाखवतात. बाळंतपण जास्त सुरक्षित व्हावं, हा दोन्हीकडचा हेतू.

राजकोटलाही कॅमेरा होता आणि लायडनलाही आहे. मग प्रसूतीच्या खोलीत कॅमेरा असावा की नसावा? याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात का देता येत नाही, ते समजून घेऊ.

मुळात व्हिडिओ कशाला? केसपेपर असतो की!

असतो. पण तो कधी लिहिला जातो? सगळं निस्तरल्यावर. बाळ रडलं नाही, आईला रक्तस्राव सुरू झाला, अशा वेळी खोलीतल्या प्रत्येकाचे हात गुंतलेले असतात. इंजेक्शन किती वाजता दिलं, भूलतज्ज्ञांना फोन कधी गेला, रक्त कधी मागवलं, हे नंतर आठवून लिहावं लागतं. घाईत वेळेचा अंदाज चुकतो. दोन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात आणि कधी दहा मिनिटं दोन मिनिटांसारखी.

डोळ्यांचा अंदाजही चुकतो. याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. बेळगावच्या संशोधकांनी एक अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त किती गेलं ते मोजलं आणि नुसत्या नजरेने केलेल्या अंदाजाशी ताडून पाहिलं. नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे सरावलेल्या माणसांनासुद्धा गेलेल्या रक्तातला एक तृतीयांश हिस्सा दिसलाच नव्हता. बाळंतपणातल्या मृत्यूंचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण अति रक्तस्राव हेच आहे. तिथे इतकी चूक म्हणजे जिवाशी खेळ.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांहून जास्त बायकांवर असाच मापाचा प्रयोग झाला. मापाची पिशवी लावली, रक्तस्राव लवकर ओळखला आणि ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले. नवं औषध यात कुठलंच नव्हतं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं आणि सगळ्यांनी वेळेवर हात चालवले, एवढंच.

रक्त पिशवीने मोजता येतं. पण चार माणसांची धावपळ कशाने मोजणार? इथे व्हिडिओ येतो.

रेकॉर्डिंग पाहिल्यावर काय सापडलं?

सुरुवात नवजात बाळांपासून झाली. बाळ जन्मल्यावर आपणहून श्वास घेत नसेल तर पहिल्या ६० सेकंदांत मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात व्हावी, असा नियम आहे. त्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. आपल्याकडच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या प्रशिक्षणातही श्वास न घेणाऱ्या बाळासाठी हेच शिकवतात. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बाळाच्या वॉर्मरवर कॅमेरा बसवला आणि अशी १०० प्रकरणं तपासली. त्यातल्या ५४ प्रकरणांत ठरलेल्या पद्धतीपेक्षा काहीतरी वेगळं घडलं होतं. लक्षात घ्या, ही सगळी प्रशिक्षित माणसं होती आणि रुग्णालय नावाजलेलं होतं. निष्काळजीपणा म्हणून हात झटकण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. कागदावर शिकलेलं आणि घाईत हातून होणारं यांत केवढं अंतर पडतं, ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलं.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. जन्मल्या जन्मल्या बाळाला जे गुण देतात, त्याला अपगार स्कोअर म्हणतात. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला. त्यातल्या पाच गोष्टींपैकी एक म्हणजे बाळाचा रंग. गुलाबी असेल तर चांगलं, निळसर असेल तर धोका. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे व्हिडिओ अनेक डॉक्टर-नर्सना दाखवले आणि बाळ कधी गुलाबी झालं ते सांगायला लावलं. उत्तरं इतकी वेगवेगळी आली की बाळाचा रंग पाहून ऑक्सिजनचा निर्णय घेणं भरवशाचं नाही, हे उघड झालं. अशा अभ्यासांनंतर २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रंगाऐवजी पल्स ऑक्सिमीटरवर भर आला. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो तेच यंत्र. (सावळ्या बाळाला ‘गुलाबी’ शोधत बसायचं, ही गोष्ट आपल्याला तर आधीच खटकायला हवी होती.)

डेन्मार्कमधला अभ्यास आईवरच्या उपचारांचा होता. तिथल्या दोन रुग्णालयांत अति रक्तस्रावाच्या प्रसंगी ९९ टीमनी कसं काम केलं, त्याचे व्हिडिओ तज्ज्ञांनी पाहिले. डॉक्टरांचं वैद्यकीय काम आणि टीमचं आपसातलं वागणं या दोन्हींना गुण दिले. निघालं असं, की ज्या टीमचं आपसात जमत होतं तिचे उपचारही चांगले होते. कोणी कुठलं काम करायचं ते स्पष्ट सांगणं, एकाने एकूण परिस्थितीवर लक्ष ठेवणं, कोणी आरडाओरडा करत असेल तर त्याला आवरणं, कोणीतरी सूत्रं हातात घेणं. हे कुठल्याच केसपेपरवर येत नाही. ‘इंजेक्शन दिलं’ एवढं येतं. ते इंजेक्शन तीनदा मागितल्यावर आलं, हे येत नाही.

माणूस बसवून चालणार नाही का?

कॅमेऱ्याऐवजी खोलीत निरीक्षक बसवावा, हा मार्ग वापरून झाला आहे, तोही आपल्याच देशात. २०१४ ते २०१६ या काळात उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत ‘बेटरबर्थ’ नावाचा मोठा अभ्यास झाला. सुरक्षित बाळंतपणाची यादी द्यायची, ती वापरायला शिकवायचं आणि निरीक्षकांनी प्रत्यक्ष बघून नोंद करायची. शिकवणं चालू असताना ठरलेल्या कामांपैकी ७२.८ टक्के कामं नीट होत होती. ज्या केंद्रांत शिकवलं नव्हतं तिथे हे प्रमाण ४१.७ टक्के होतं. फरक मोठा होता. पण वर्षभरानंतर पाहिलं तर ७२.८ चे ६१.७ झाले होते आणि आई-बाळाच्या मृत्यूंमध्ये दखल घ्यावी असा फरक पडलाच नव्हता.

निरीक्षक ठेवणं खर्चिक असतं आणि तो एका वेळी एकाच जागी बघू शकतो. त्याने लिहिलेलं पुन्हा बघता येत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी काम केलं त्यांना स्वतःला तर कधीच दिसत नाही. स्वतःचा व्हिडिओ बघून खेळाडू शिकतात, ते यामुळेच.

मग आईवडिलांचं म्हणणं काय?

लायडनच्या रुग्णालयात रेकॉर्डिंग दाखवल्यावर आईवडिलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. डॉक्टरांना भीती होती की हे बघून लोक घाबरतील, विश्वास उडेल. बघणं बहुतेकांना जड गेलं, पण ते बघायला मिळालं याचं त्यांना मोल वाटलं. विचार केला तर यात नवल नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा ते लगेच उचलून नेलं जातं. आई टेबलावर असते, टाके घातले जात असतात. वडील दाराबाहेर. मुलाच्या आयुष्यातली पहिली दहा मिनिटं दोघांपैकी कोणीच पाहिलेली नसतात. आपल्याकडे तर ती दहा मिनिटं ‘पेटीत ठेवलंय’ या दोन शब्दांत संपतात. रेकॉर्डिंगमुळे ती परत मिळतात. बाळ वाचलं नाही तर कधी कधी तेवढंच हाती उरतं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. या रेकॉर्डिंगमध्ये दिसतं काय? वॉर्मरवरचं बाळ आणि त्याच्याभोवतीचे हात. कॅमेरा वरून खाली बघतो. आई त्यात येतच नाही.

आईचं अंग, आईच्या वेदना, आईचं ओरडणं कॅमेऱ्यात यायला लागलं की प्रश्न बदलतो. बाळंतपण म्हणजे हार्नियाचं ऑपरेशन नव्हे. कळांमध्ये बाई स्वतःवरचा ताबा सोडते आणि तो सोडावाच लागतो. शी-शू होते, कपड्यांचं भान राहत नाही, तोंडातून काहीही निघतं. घरातल्या सख्ख्या बहिणीने बघितलं तरी नंतर अवघडल्यासारखं होतं, तिथे अनोळखी माणसांनी कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर बघायचं? ‘चेहरा झाकू’ हे त्यावरचं पूर्ण उत्तर नाही. आवाज ओळखू येतो. आणि कोणालाही ओळखू आलं नाही तरी आपलं ते दृश्य कुठेतरी आहे, ही जाणीव तिची तिलाच असते.

गंमत म्हणजे टीव्हीसाठी मात्र हे केव्हाच झालं आहे. ब्रिटनमध्ये चॅनल फोरने २०१० मध्ये ‘वन बॉर्न एव्हरी मिनिट’ हा कार्यक्रम सुरू केला. साउदॅम्प्टनच्या प्रसूती विभागात ४० कॅमेरे बसवले आणि राजी असलेल्या जोडप्यांची बाळंतपणं देशाला दाखवली. नंतर तिथल्या संशोधकांनी याच कार्यक्रमातली संभाषणं अभ्यासली. सुइणी आणि डॉक्टर बाईला विचारण्यापेक्षा सांगतातच जास्त, असं त्यांना दिसलं. ‘आता आपण तपासणी करणार आहोत’ असं वाक्य. त्याला ‘नको’ म्हणायला जागाच कुठे आहे?

डॉक्टर आणि नर्स का बिचकतात?

भीती सरळ आहे. आज शिकण्यासाठी काढलेला व्हिडिओ उद्या कोर्टात दाखवला तर?

भारतात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल दिला. रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत आणि ती ३ वर्षं जपून ठेवावीत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत आहे. आता शिकण्यासाठी काढलेला व्हिडिओ हा ‘वैद्यकीय कागद’ धरायचा का? धरला तर तो नातेवाइकांना द्यावा लागेल आणि महिन्याभरात पुसताही येणार नाही. नाही धरला तर रुग्णालयाने आपल्या सोयीचं पुसून टाकलं, असा आरोप होणार. ही गाठ सोडवल्याशिवाय कॅमेरा बसवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

डेन्मार्कमध्ये असे अभ्यास होऊ शकतात त्यामागे तिथल्या कायद्याचाही हातभार असावा, असं मला वाटतं. तिथे उपचारात इजा झाली तर भरपाई मिळण्यासाठी अमुक डॉक्टर दोषी आहे, असं सिद्ध करावं लागत नाही. १९९२ पासून त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. शिवाय २००४ पासून आपल्या हातून झालेली चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या कळवण्यापायी शिक्षा होऊ नये, अशी कायद्यात तरतूद आहे. रुग्णाला पैसे मिळतात, डॉक्टरला फाशी नाही. मग व्हिडिओ बघायला कोण कशाला घाबरेल?

आपल्याकडे नर्सची भीती आणखी वेगळी असते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. व्हिडिओ बघायला बसणार कोण? मोठे डॉक्टर. चुका कोणाच्या निघणार? कंत्राटी सिस्टरच्या, इंटर्नच्या, मावशींच्या. एका पाळीत एक नर्स आणि चार बाळंतिणी असतील तर व्हिडिओत ‘नर्स उशिरा आली’ एवढंच दिसेल. ती शेजारच्या टेबलावर होती, हे चौकटीबाहेर राहील. म्हणून लायडनमधल्या नवजात विभागाने केलेला बदल मला शहाणपणाचा वाटतो. त्यांनी उपक्रमाला ‘निओफ्लिक्स’ असं गमतीदार नाव दिलं आणि टीमने एकत्र बसून, काय चांगलं झालं यापासून सुरुवात करत, स्वतःचे व्हिडिओ पाहायचे अशी पद्धत ठेवली.

खरी मेख: कॅमेऱ्याचं तोंड कोणाकडे?

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास आला. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमारमध्ये २,०१६ बायकांच्या बाळंतपणाच्या वेळी निरीक्षक बसून होते. त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांना मारहाण, शिवीगाळ, हिणवणं किंवा भेदभाव सहन करावा लागला. मारणं आणि ओरडणं सगळ्यात जास्त कधी झालं? बाळ बाहेर येण्याच्या आधीचा अर्धा तास ते नंतरची १५ मिनिटं.

निरीक्षक वही घेऊन समोर बसलेला असतानाही हे घडलं. म्हणजे कोणीतरी बघतंय म्हणून ते लपवावं, असं करणाऱ्यांना वाटलं नाही. तो त्यांच्यासाठी कामाचाच भाग होता. ‘तेव्हा बरं वाटलं, आता का ओरडतेस?’ हे वाक्य आपल्याकडच्या किती बाळंतिणींनी ऐकलं असेल, ते तुमच्या घरातल्या बायकांना विचारा.

आता कोडं बघा. बाळाच्या वॉर्मरवरचा कॅमेरा सगळ्यांना चालतो, कारण त्यात आई दिसत नाही. पण आई दिसत नाही म्हणूनच तिला मारलेली चापट, न विचारता घातलेला हात, भूल न देता घातलेला टाका हेही त्यात दिसत नाही. जो कॅमेरा तिची लाज राखतो तो तिच्या बाजूने साक्षही देत नाही. आणि जो साक्ष देऊ शकतो, तो तिला उघडं पाडतो.

२०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ईस्ट केंट भागातल्या प्रसूती सेवेचा चौकशी अहवाल आला. बिल कर्कअप यांच्या समितीने २०२ प्रकरणं तपासली. योग्य उपचार मिळाले असते तर त्यातल्या ९७ प्रकरणांत निकाल वेगळा लागू शकला असता, असं समितीने म्हटलं. कारणांमध्ये यंत्रं किंवा औषधं पुढे नव्हती. टीममधली भांडणं, माणुसकीचा अभाव आणि बायकांचं म्हणणं न ऐकणं ही होती. अशा प्रकरणांत एका बाजूला रुग्णालयाचे कागद असतात आणि दुसऱ्या बाजूला बाईची आठवण. त्यात कागदाचं वजन जास्त पडतं. म्हणून ‘कॅमेरा नकोच’ हे उत्तरही मला पुरेसं वाटत नाही. त्यातला एक मधला मार्ग म्हणजे फक्त आवाज टिपणं. खोलीत काय बोललं गेलं, कोणी कोणाला काय सांगितलं, किती वेळाने सांगितलं, हे त्यातून कळतं. शरीर दिसत नाही. त्यालाही संमती लागेलच, पण ती देणं सोपं जाईल.

आपल्याकडे कॅमेरा आधीच लागलाय, पण वेगळ्या कामासाठी

मूल चोरीला जाऊ नये म्हणून, डॉक्टरांवर हल्ले होऊ नयेत म्हणून रुग्णालयांत सीसीटीव्ही लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर ही मागणी आणखी वाढली. दारात, व्हरांड्यात, जिन्यात ते ठीकच आहे. पण सुरक्षेचा कॅमेरा आणि शिकण्याचा कॅमेरा या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. सुरक्षेचा कॅमेरा चोवीस तास चालू असतो, सगळं टिपतो आणि त्याचा पडदा बहुतेकदा रिसेप्शनवर किंवा मालकाच्या मोबाइलवर असतो. शिकण्याचा कॅमेरा ठरावीक क्षणी सुरू व्हायला हवा, ठरावीक भागच दाखवणारा हवा, तो बघणारे मोजके हवेत आणि पाहून झाल्यावर पुसला जायला हवा. पहिल्या प्रकारच्या कॅमेऱ्यातून दुसऱ्या प्रकारचं काम करून घ्यायला गेलं की राजकोट होतं.

श्रीमंत देशातही होतं. कॅलिफोर्नियातल्या शार्प ग्रॉसमाँट रुग्णालयाच्या प्रसूती विभागात जुलै २०१२ ते जून २०१३ या काळात तीन ऑपरेशन थिएटरमध्ये छुपे कॅमेरे होते. भुलीचं औषध चोरीला जात होतं, चोर पकडायचा होता. त्यात सुमारे १,८०० बायका टिपल्या गेल्या, सिझरच्या वेळीसुद्धा. त्यांना ते माहीत नव्हतं. २०१९ मध्ये अनेकींनी खटला भरला. हेतू कदाचित चांगला असेल, पण औषधाच्या गाडीवर नजर ठेवताना समोर टेबलावर बाई आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सरकारी रुग्णालयांची अडचण वेगळी. एका खोलीत चार-सहा टेबलं, मध्ये पडदा असला तर असला. एका बाईने रेकॉर्डिंगला होकार दिला तर शेजारचीचा आवाज, तिचे पाय, तिची सासू हेही चौकटीत येणार. तिला कोणी विचारलं? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला. त्यात बाईचा आडोसा आणि तिच्याशी सन्मानाने वागणं यांवर भर आहे. माझ्या मते क्रम तोच हवा. आधी पडदा, मग कॅमेरा.

शिकण्याची पद्धत मात्र आपल्याला नवी नाही. आपल्याकडे प्रत्येक मातामृत्यूचं परीक्षण करायची सरकारी व्यवस्था आहे. त्यात दोष कोणावर टाकायचा हे शोधायचं नसतं, कुठे उशीर झाला ते शोधायचं असतं. घरी की वाटेत की रुग्णालयात. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशात ९७. प्रमाण इतकं खाली आल्यावर उरलेल्या मृत्यूंची कारणं शोधायला शेवटच्या तासाचा बारकाईने अभ्यास लागतो.

आणि नवऱ्याच्या हातातला मोबाइल?

२०२४ मध्ये चेन्नईत एका यूट्यूबरने पत्नीच्या बाळंतपणाचा व्हिडिओ टाकला. ऑपरेशन थिएटरमध्ये तो स्वतः बाळाची नाळ कापताना दिसत होता. तमिळनाडू सरकारने रुग्णालयाला दंड केला, दहा दिवस बंदी घातली. व्हिडिओ काढून टाकला गेला. इन्स्टाग्रामवर असे व्हिडिओ आता रोज दिसतात, आणि आई स्वतःहून टाकत असेल तर तो तिचा प्रश्न. पण ती कळांमध्ये असताना दुसऱ्याने काढलेल्या व्हिडिओला तिची संमती होती, असं नंतर ठरवता येत नाही. त्या व्हिडिओत दिसणाऱ्या नर्सची संमती तर कोणी घेतच नाही.

कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई सांगतं की कोणाच्याही खाजगी अंगाचं चित्र त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये बाईचं चोरून चित्रण करण्याला शिक्षा आहे. त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: बाईने चित्रणाला होकार दिला असेल पण ते इतरांना दाखवायला दिला नसेल, तरी ते पसरवणं गुन्हाच. असा व्हिडिओ बाहेर आला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. त्या बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी समाजमाध्यमाच्या कंपनीकडे तक्रार केली तर तो तातडीने हटवायला हवा, असं २०२१ चे आयटी नियम सांगतात.

उद्या तुमच्यासमोर संमतीपत्र आलं तर?

एखाद्या मोठ्या रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संशोधनात असं विचारलं जाऊ शकतं. पहिली गोष्ट बघायची ती वेळ. सातव्या-आठव्या महिन्यात, बसून, वाचायला वेळ देऊन विचारलं असेल तर बरं. कळा सुरू झाल्यावर दाखल होतानाच्या वीस सह्यांच्या गठ्ठ्यात ती एकविसावी सही असेल, तर ती संमती नव्हे. सही कोण करतंय तेही बघा. नवरा किंवा सासरा बाईच्या वतीने अशा गोष्टीला होकार देऊ शकत नाही.

मग विचारा: कॅमेरा कुठे असेल आणि त्यात माझा कुठला भाग दिसेल? आवाज टिपला जाईल का? कधी सुरू होईल, कधी बंद होईल, आणि मध्येच मी बंद करा म्हटलं तर कोण बंद करेल? व्हिडिओ कोण बघेल? तो रुग्णालयातच राहील की कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाईल? किती दिवसांनी पुसला जाईल? आणि मला बघता येईल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. ज्या व्हिडिओत आपणच आहोत तो सगळ्यांनी बघायचा आणि आपण नाही, हे पटण्यासारखं नाही.

बाळंत झाल्यावर दोन-तीन दिवसांनी तुमचं मत बदललं तर तो व्हिडिओ कोणी न बघता पुसला गेला पाहिजे. आणि नकार दिला म्हणून उपचारात, खाटेत किंवा बोलण्यात फरक पडणार नाही, हे वाक्य त्या कागदावर छापलेलं असायला हवं. नसेल तर सही करण्याआधी ते हाताने लिहून घ्या आणि त्याखाली डॉक्टरांची सही मागा.